उंदीर, फडताळ आणि मायच्या ओव्या

"अहो, तो उंदीर ठेवा खाली आणि आधी सोऱ्या धरा! शेव करायची आहे."

२०१२ सालची धनत्रयोदशी. स्वयंपाकघरातून ही आज्ञा आली तेव्हा ओसरीवर आमचे एक जुने स्नेही बसले होते. त्यांनी ती ऐकली आणि मुकाट्याने दोन्ही पाय खुर्चीवर घेतले. हा उंदीर चावणारा नसून संगणकाचा आहे, त्याला इंग्रजीत 'माउस' म्हणतात आणि गेले दोन तास मी तो टेबलावर घासत बसलो आहे, अशी त्यांची समजूत घालेपर्यंत चहा निवून गेला.

मी मात्र उंदीर सोडायला तयार नव्हतो. कारण त्या दोन तासांत माझी आई हरवली होती.

वाचकांनी दचकू नये. माझी आई १९९४ सालीच गेली. हरवला होता तो तिचा आवाज. पण त्या हकिकतीपूर्वी थोडे मागे जायला हवे.

पार्सलबाबूच्या घरी संगणक

मी मूळचा पाचोऱ्याचा. नोकरी रेल्वेतली, बरीचशी वर्षे पार्सलच्या खिडकीमागे आणि मालधक्क्यावर गेली. २०१० साली निवृत्त झालो. त्याच्या आदल्या वर्षी आमचे चिरंजीव नोकरीनिमित्त पुण्याला गेले आणि जाताना आपला जुना संगणक आमच्या गळ्यात बांधून गेले. वर्षभर तो कोपऱ्यात बुरखा पांघरून होता. सौ. त्यावर नित्यनेमाने फडके मारी आणि मी त्याच्याकडे पाहणे टाळी.

निवृत्त माणसाला मात्र दुपार फार मोठी असते. महाराष्ट्रात २००१ सालापासून एम.एस.-सी.आय.टी. नावाचा संगणकाचा अभ्यासक्रम सुरू झाला होता आणि गावोगाव त्याचे वर्ग निघाले होते. तशाच एका वर्गात मी नाव घातले. माझ्या एका बाजूला बारावी झालेला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला वेतनवाढीसाठी प्रमाणपत्र हवे असलेले शिक्षक. मला ना नोकरी मिळवायची होती ना वेतनवाढ. त्यामुळे वर्गातला एकमेव निष्काम विद्यार्थी मीच.

पहिले संकट उंदराचेच. हात टेबलावर हलवायचा आणि नजर पडद्यावर ठेवायची, हे साठीच्या माणसाला वाटते तितके सोपे नाही. त्यातून 'डबल क्लिक', म्हणजे एकाच बटणावर लागोपाठ दोन टिचक्या. माझ्या दोन टिचक्यांमध्ये पाचोऱ्याहून एखादी मालगाडी निघून जावी एवढे अंतर पडे. अशा सावकाश टिचक्या मारल्या की वस्तू उघडत तर नाहीच, उलट संगणकाला वाटते की तिचे नाव बदलायचे आहे! मी कित्येक वस्तूंची नावे अशी नकळत बदलून ठेवली. दोन टिचक्यांमधले अंतर वाढवून घेण्याची सोय यंत्रातच असते, हे मला सहा महिन्यांनी समजले. घरातल्या वडीलधाऱ्यांना ही सोय पहिल्याच दिवशी करून द्यावी, अशी तरुण वाचकांना माझी विनंती आहे.

हात वळावा म्हणून गुरुजींनी मला पत्त्यांचा खेळ लावून दिला. बटण दाबून पान उचलायचे, तसेच दाबून धरून ओढत न्यायचे आणि योग्य जागी सोडायचे. हा खेळ १९९० साली विंडोजबरोबर आला, तो लोकांना हे 'उचला-ओढा-सोडा' शिकवण्यासाठीच, असे सांगतात. सौ.ला मात्र हे पटेना. "फी भरून पत्ते खेळायला जाता होय?" असे तिने चार माणसांत विचारले.

या उंदराचा मूळपुरुष अमेरिकेतला. १९६४ साली कॅलिफोर्नियातल्या एका संशोधनसंस्थेत डग्लस एंगलबार्ट आणि त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी तो घडवला तेव्हा ती लाकडाची ठोकळेवजा पेटी होती. खाली दोन चाके, वर एक बटण आणि शेपटीसारखी तार. त्या शेपटीवरूनच त्याचे नाव पडले. ९ डिसेंबर १९६८ रोजी एंगलबार्टनी सॅन फ्रान्सिस्कोच्या भर सभेत तो चालवून दाखवला. मी त्या वर्षी नोकरीचे अर्ज बोरूसारख्या टाकाने खरडत होतो!

डबे, रूळ आणि फडताळ

उंदराने काय काय करता येते, याची यादी मोठी आहे. पण घरगुती माणसाला त्यातले एकच काम खरोखर यावे लागते, ते म्हणजे आपल्या वस्तू कुठे ठेवल्या आहेत ते पाहणे, त्या हलवणे आणि नको त्या टाकणे. हे काम ज्या खिडकीतून होते तिला फाइल मॅनेजर म्हणतात. पडद्यावर कचेरीतले कागद आणि फोल्डर यांची चित्रे मांडण्याची कल्पना झेरॉक्स कंपनीच्या 'स्टार' या यंत्राने १९८१ साली बाजारात आणली. १९८४ च्या मॅकिंटॉशने ती घराघरांत नेली. १९९० च्या विंडोजमध्ये 'फाइल मॅनेजर' या नावाचीच खिडकी होती. १९९५ साली तिची जागा 'एक्सप्लोरर'ने घेतली. गंमत म्हणजे त्या जुन्या साध्या खिडकीवर प्रेम करणारे लोक अजून आहेत. २०१८ साली कंपनीने तिची सगळी घडण कोणालाही पाहता, वापरता यावी म्हणून खुली करून दिली.

खिडकीचे स्वरूप अगदी सोपे. डाव्या हाताला फडताळाचे कप्पे, उजव्या हाताला निवडलेल्या कप्प्यातल्या वस्तू. कप्प्यात कप्पा, त्यात आणखी कप्पा. मोठ्या कप्प्यांना 'सी', 'डी' अशी नावे. 'ए' आणि 'बी' कुठे गेले, असा प्रश्न मी वर्गात विचारला होता. ती दोन अक्षरे पूर्वी फ्लॉपी नावाच्या चकत्यांच्या खणांसाठी राखलेली होती. चकत्या गेल्या, पण अक्षरांची खुर्ची रिकामीच राहिली.

मला ही विद्या खरी कळली ती रेल्वेच्या भाषेत. पाचोऱ्याला तेव्हा दोन मापांचे रूळ होते. एक मुंबई-भुसावळची रुंद लाइन आणि दुसरी आमची लाडकी 'पीजे', म्हणजे पाचोरा-जामनेर ही छपन्न किलोमीटरची अरुंद लाइन. वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर असे करत ती जामनेरला जाई. आता समजा, रुंद लाइनवरचा एक डबा एका सायडिंगवरून दुसऱ्या सायडिंगला न्यायचा आहे. नुसते शंटिंग केले की झाले. आतला माल जागचा हलत नाही. पण तोच माल पीजेला द्यायचा असेल तर? डबा त्या रुळांवर चढणारच नाही. माल पोत्यापोत्याने उतरवून दुसऱ्या डब्यात भरावा लागणार.

संगणकात नेमके हेच घडते. एकाच 'डी' कप्प्यात वस्तू ओढून दुसरीकडे सोडली की ती तत्काळ हलते. नुसता पत्ता बदलतो. 'डी'वरून पेन ड्राइव्हवर ओढली, तर रुळांचे माप बदलले! आता माल खरोखरच भरावा लागतो, म्हणून वेळ लागतो. आणि संगणक मूळ वस्तू जागेवर ठेवून तिची नक्कल पलीकडे भरतो. एकाच कृतीचे दोन ठिकाणी दोन अर्थ! हा फरक ज्याला समजला त्याचे निम्मे नुकसान टळले. मला तो समजला, पण उशिरा.

चार कॅसेटी

१९८७ च्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीने धुळ्याहून येताना टेपरेकॉर्डर आणला होता. माय (आम्ही आईला माय म्हणत असू) पहाटे जात्यावर बसे आणि अहिराणीत ओव्या म्हणे. बहिणीने जात्याजवळ ते यंत्र ठेवले आणि पाच-सहा दिवसांत चार कॅसेटी भरल्या. मायला अक्षरओळख नव्हती. तिने जे म्हटले ते कुठेही लिहिलेले नव्हते.

पुढे कॅसेटींना बुरशी येऊ लागली. २०१२ च्या उन्हाळ्यात मी त्या जळगावला एका दुकानात नेऊन संगणकावर उतरवून घेतल्या आणि जुन्या कॅसेटी भंगारात दिल्या. सौ. तेव्हाच म्हणाली होती, "असू द्या की माळ्यावर. खायला मागतात का?" पण माझ्या अंगात नवी विद्या संचारली होती.

त्या वर्षी भाऊबीज होती १५ नोव्हेंबरला. बहीण येणार, तिला मायचा आवाज ऐकवायचा, असा माझा बेत. धनत्रयोदशीला मी फडताळ उघडले, तो ओव्यांचा कप्पा नाही!

आता त्या कप्प्याचे नाव काय होते? मी तो तयार केला तेव्हा संगणकाने आपण होऊन 'न्यू फोल्डर (३)' असे नाव दिले होते आणि मी ते तसेच राहू दिले होते. वरून दुसरी ओळ, डावीकडून तिसरा, अशी माझी खूण. दुकानदाराने आतल्या ओव्यांना 'ट्रॅक ०१', 'ट्रॅक ०२' अशी नावे दिलेली. संगणकाला 'शोध' म्हणून सांगायची सोय असते. पण शोधायचे काय? ओवी, माय, जाते यांपैकी एक शब्दही मी कुठे लिहिलेला नव्हता. 'न्यू फोल्डर' शोधावे तर असे एकोणीस निघाले. पार्सलच्या खिडकीमागे बसून मी आयुष्यभर लोकांना दटावले होते, "पत्ता नीट लिहा हो, नाहीतर पार्सल पोचायचे नाही!" आणि स्वतःच्या आईचे पार्सल मी बिनपत्त्याचे ठेवले होते.

नरकचतुर्दशी गेली, लक्ष्मीपूजन झाले. फराळाची चव लागेना. चिरंजीवांना फोन केला, ते म्हणाले, "बाबा, डिलीट झालं असेल. रिसायकल बिनमध्ये बघा." ती कचऱ्याची टोपली मी तीनदा उपसली होती.

पाडव्याच्या दुपारी सौ. हात पुसत येऊन शेजारी बसली. तिने आजवर या यंत्राला फडक्याखेरीज कशानेही स्पर्श केला नव्हता.

"शेवटचं कशाला हात लावला होतात?" तिने विचारले.

"विजेच्या बिलांना. दसऱ्याच्या सुमारास."

"मग त्यातच बघा ना."

"अगं, विजेच्या बिलांत ओव्या कशा असतील?"

"बिस्किटांच्या डब्यात जिरं कसं असतं? घरातली वस्तू घराबाहेर जात नाही हो. ती चुकीच्या डब्यात जाते. मी एकेक डबा उघडून बघते, तसं तुम्ही बघा. बाहेरच्या नावावर जाऊ नका."

मी 'वीजबिले' उघडले. वीस-पंचवीस बिलांच्या शेवटी, अंग चोरून बसल्यासारखा, 'न्यू फोल्डर (३)' होता.

काय झाले होते ते तेव्हा उमगले. हे दोन कप्पे पडद्यावर शेजारी-शेजारी होते. टिचकी मारताना माझा हात किंचित थरथरला, बटण दाबलेले राहिले, कप्पा ओढला गेला आणि बोट सुटले ते नेमके शेजारच्या बिलांवर. एकाच रुळावरचे शंटिंग ते! ना आवाज, ना प्रश्न, ना पावती. त्या क्षणी लक्षात आले असते, तर कंट्रोल आणि झेड ही दोन बटणे एकत्र दाबून डबा मागच्या मागे आणता आला असता.

तिसरी कॅसेट

आनंदाने मी कप्पा उघडला. आत चार कप्पे हवे होते. एक होता, दोन होता, चार होता. तीन नव्हता.

मग मात्र माझे पाय लटपटले, कारण याचे उत्तर मला माहीत होते. तिसऱ्या कॅसेटीत हळदीची गाणी होती. श्रावणात भडगावच्या भाच्याने ती ऐकायला मागितली, म्हणून मी तेवढा कप्पा पेन ड्राइव्हवर नेला. नेताना 'कॉपी' म्हणण्याऐवजी 'कट' म्हटले. कॉपी म्हणजे नक्कल देणे. कट म्हणजे मूळच उचलून देणे. भाच्याने पेन ड्राइव्ह परत केला. पुढच्याच आठवड्यात शेताचे कागद आणि फोटो न्यायचे होते, जागा पुरेना, म्हणून मी पेन ड्राइव्ह रिकामा केला. मला वाटत होते, मूळ घरी आहे.

आणि टोपलीत ते नव्हते, कारण पेन ड्राइव्हवरून पुसलेली वस्तू टोपलीत जातच नाही. ती सरळ जाते. संगणकाने पुसण्यापूर्वी विचारले होते. टोपलीत टाकताना विचारतो तो प्रश्न आणि कायमचे पुसताना विचारतो तो प्रश्न यांत दोन-तीन इंग्रजी शब्दांचा फरक असतो. मी न वाचता 'हो' म्हटले होते.

जळगावच्या दुकानात चौकशी केली. तिथे नक्कल उरली नव्हती. त्यांनी इतके महिने का म्हणून ठेवावी? एका जाणत्या गृहस्थांनी समजावले, की वस्तू पुसली म्हणजे आधी तिचा नुसता पत्ता खोडला जातो. माल जागेवरच असतो. ताबडतोब हात आवरून शोधले तर पुष्कळदा मिळतो. पण त्याच जागी नवा माल भरला की जुना गेला. माझ्या बाबतीत मायच्या हळदीच्या गाण्यांवर शेताचे कागद आणि फोटो येऊन बसले होते.

भाऊबीजेला बहीण आली. पाय धुण्याआधीच तिने विचारले, "माय कोठे शे?"

मी पहिली कॅसेट लावली. आधी जात्याची घरघर, मग तो आवाज. बहीण पदर तोंडाशी धरून ऐकत राहिली. तीन कॅसेटी संपल्यावर मी तिसरीची कबुली दिली. मला वाटले होते, ती रागावेल. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "दादा, वही आण."

चार दिवस ती राहिली. आठवेल तसे म्हणत गेली, अडे, पुन्हा मागे जाई, आणि सौ.ने लिहून घेतले. पुरते आठवले नाही. पुष्कळ गाण्यांची निम्मी कडी गेली ती गेलीच. आणि चाल कागदावर कशी उतरणार?

त्या दिवसांत मला राहून राहून बहिणाबाईंची आठवण येई. आसोद्याची ही लेक निरक्षर. तिची गाणी मुलगा सोपानदेव आणि एका नातलगाने वेळोवेळी उतरवून घेतली होती. १९५१ साली ती गेली. मग ती वही आचार्य अत्र्यांच्या दृष्टीस पडली आणि १९५२ साली पुस्तक निघाले. आज आमच्या जळगावच्या विद्यापीठाला तिचे नाव आहे. पण मधल्या काळात सगळा भार एका वहीवर होता. ती वही कोणी रद्दीत दिली असती तर? माझी माय बहिणाबाई नव्हती. पण आमच्या घरापुरती तरी होतीच ना?

आमच्या घरचे चार नियम

तेव्हापासून आमच्या फडताळाचा कारभार सौ.च्या सल्ल्याने चालतो. नियम चारच आहेत. पहिला: कोणताही कप्पा 'न्यू फोल्डर' या नावाने एक रात्रही ठेवायचा नाही; घरातले माणूस ज्या शब्दाने वस्तू मागेल, तेच नाव द्यायचे. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस; म्हणजे कप्पे आपोआप ओळीने उभे राहतात. दुसरा: कट म्हणायचे नाही, कॉपीच म्हणायचे, पलीकडे पोचले, उघडून पाहिले, मगच मूळ हलवायचे. तिसरा: संगणकाने प्रश्न विचारला की चष्मा लावायचा. आणि चौथा: मोलाच्या वस्तूची एक प्रत दुसऱ्या घरात हवी. मायच्या ओव्या आता पाचोऱ्यात आहेत, पुण्याला चिरंजीवांकडे आहेत आणि धुळ्याला बहिणीकडे आहेत.

आता नातवंडांच्या हाती मोबाइल आहे. त्यांना उंदीर लागत नाही, बोट पुरते. पण "तो फोटो कुठे ठेवला आहेस?" असे विचारले तर ती म्हणतात, "फोनमध्ये आहे." फोनमध्ये कुठे, ते त्यांनाही सांगता येत नाही. फोनमध्येही 'फाइल्स' नावाचे फडताळ असते. ते उघडून मी त्यांना दाखवतो. यंदाच्या दिवाळीत माळ्याची सफाई झाली की अर्धा तास मुलांना घेऊन आपापल्या फडताळापुढे जरूर बसा. आजोबांचा आवाज, आजीच्या लोणच्याचे प्रमाण, थोरल्या बहिणीच्या लग्नाचे फोटो यांपैकी काय कुठे आहे, ते बघा आणि त्यावर पत्ता लिहा.

जाता जाता एक सांगतो. मायच्या पहिल्या कॅसेटीत, ओवीच्या मधोमध, लांबून पीजेची शिट्टी ऐकू येते. तेव्हा तिच्याकडे कोणाचे लक्षही गेले नसेल, रोजचीच ती. २०२० च्या मार्चमध्ये करोनाच्या दिवसांत ती गाडी थांबली आणि पुन्हा त्या अरुंद रुळांवर धावली नाही. मायला टिपून ठेवताना आमच्या हातून नकळत तीही टिपली गेली.

परवा नातवाने तो कप्पा उघडला आणि विचारले, "आजोबा, ही शिट्टी कसली?"

मी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसलो. कप्प्याचे नाव आता 'माय – जात्यावरच्या ओव्या – १९८७' असे आहे. त्याला तो शोधावा लागला नव्हता.